युरोपात पहिल्यांदा, रेल्वेने : तेरा रात्रींचं नियोजन

पहिल्या युरोप सहलीची यादी बहुतेक घरांत सारखीच निघते. पॅरिस, ॲमस्टरडॅम, स्वित्झर्लंड, व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम, आणि जमलं तर प्राग. दोन आठवड्यांत सात शहरं. नकाशावर हे शक्य वाटतं, कारण गाड्या खरोखर वेगवान आहेत. पॅरिसहून ॲमस्टरडॅम साडेतीन तासांच्या आत येतं, फ्लॉरेन्सहून रोम दीड तासात. वेळ जातो तो गाडीच्या बाहेर.

पॅरिस ते स्वित्झर्लंडमधलं ल्युसर्न हा प्रवास घ्या. गाडीत बसायचा वेळ बाझलला गाडी बदलण्यासकट साधारण साडेचार तास. पण सकाळी बॅगा भरून हॉटेल सोडायला तासभर, मेट्रोने स्टेशन गाठायला अर्धा-पाऊण तास, गाडीआधी हाताशी अर्धा तास, उतरल्यावर हॉटेल शोधून खोली मिळेपर्यंत आणखी एक तास. सकाळी आठला आवराआवर सुरू केलीत, तर दुपारी चारच्या सुमारास पाठ टेकते. त्या दिवसाची फक्त संध्याकाळ उरते. शहर बदलण्याची खरी किंमत ही आहे, आणि मुलं किंवा आई-वडील सोबत असतील तर ती आणखी वाढते.

म्हणून शहरांची यादी करण्याआधी रात्री मोजाव्यात. दोन रात्री म्हणजे हातात एकच पूर्ण दिवस, तीन रात्री म्हणजे दोन. दोन रात्रींपेक्षा कमी मुक्काम कुठेच नको, मोठ्या शहरात तीनपेक्षा कमी नको, आणि दोन आठवड्यांत तीनदाच बिऱ्हाड हलवावं. लंडन पहिल्याच फेरीत घुसडू नका. ब्रिटनचा व्हिसा वेगळा लागतो, त्याचं शुल्क वेगळं आणि वाट पाहणंही वेगळं.

या हिशेबात नीट बसणारा एक मार्ग असा : पॅरिस चार रात्री, ल्युसर्न तीन, फ्लॉरेन्स तीन, रोम तीन. विमान पॅरिसला उतरायचं आणि रोमहून परत. तेरा रात्री, शहराशहरांतले तीनच प्रवास. व्हेनिस हवंच असेल तर ते फ्लॉरेन्सच्या जागी घ्या. फ्लॉरेन्सहून एका दिवसात व्हेनिस करता येतं, पण जाऊन-येऊन साडेचार तास गाडीतच जातात.

वार ठरवणं तारखा ठरवण्याइतकंच महत्त्वाचं आहे. लुव्र संग्रहालय मंगळवारी बंद असतं, व्हर्सायचा राजवाडा सोमवारी, फ्लॉरेन्सचं उफीत्सी कलादालन सोमवारी, आणि व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद. बुधवारी सकाळी पोप रोममध्ये असतील तर त्यांची सार्वजनिक भेट असते आणि सेंट पीटर्समध्ये दुपारपर्यंत जाता येत नाही. वरचा मार्ग शनिवारी सुरू केला तर हे सगळं आपोआप जुळतं. शनिवारी पॅरिसला पोहोचा, रविवारी किंवा सोमवारी लुव्र, मंगळवारी व्हर्साय, बुधवारी ल्युसर्नला प्रयाण. शनिवारी फ्लॉरेन्स, रविवारी उफीत्सी, सोमवारी पिसा. मंगळवारी रोम, बुधवारी कोलोसियम, गुरुवारी व्हॅटिकन, शुक्रवारी परतीचं विमान. स्वित्झर्लंडमध्ये रविवारी स्टेशनांबाहेरची बहुतेक दुकानं बंद असतात, तोही रविवार यात टळतो. एक मेला मात्र लुव्रसह बरंच काही बंद असतं, तो दिवस प्रवासाला वापरा.

व्हिसा कोणत्या देशाचा?

शेंगेन व्हिसा एकच असतो आणि आता २९ देशांत चालतो. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसलं तरी शेंगेनमध्ये आहे. अर्ज करायचा तो ज्या देशात सगळ्यात जास्त दिवस राहणार त्या देशाकडे. इथे अनेकांचा घोटाळा होतो. वरच्या मार्गात सगळ्यात मोठा मुक्काम पॅरिसचा आहे आणि उतरायचंही तिथेच, म्हणून फ्रान्सकडे अर्ज करावासा वाटतो. पण हिशेब शहराचा नसतो, देशाचा असतो. फ्लॉरेन्स आणि रोम मिळून इटलीत सहा रात्री, फ्रान्समध्ये चार. अर्ज इटलीकडे जातो. दोन देशांचे दिवस समसमान असतील तरच पहिल्या प्रवेशाचा देश धरतात. भेटीची वेळ फ्रान्सची लवकर मिळतेय म्हणून पॅरिसच्या रात्री कागदावर वाढवायच्या आणि नंतर बदलायच्या, हा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. सीमेवर किंवा पुढच्या व्हिसाच्या वेळी त्याची विचारणा होऊ शकते.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि किमान १५ दिवस आधी करावा लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस धरतात, पण तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. शुल्क प्रौढांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५ युरो, शिवाय व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क. आपल्याकडे मेच्या सुट्टीसाठी फेब्रुवारी-मार्चमध्ये एकच झुंबड उडते आणि अडचण निर्णयाची नसते, भेटीची तारीख मिळण्याची असते. मेमध्ये जायचं तर मार्ग डिसेंबरमध्ये पक्का करून जानेवारीतच तारखेच्या मागे लागा.

पासपोर्ट परतीनंतर किमान तीन महिने वैध हवा, दहा वर्षांच्या आत काढलेला हवा आणि त्यात दोन कोरी पानं हवीत. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा आणि संपूर्ण शेंगेन क्षेत्रासाठी. बँक खात्यात पैसे नियमित येता-जाताना दिसले पाहिजेत. अर्जाच्या आठवड्यात कुणाकडून तरी घेऊन भरलेली मोठी रक्कम उलट शंका वाढवते. आणि प्रत्येक रात्रीचं हॉटेल आरक्षण जोडा. तेरातली एक रात्र रिकामी राहिली तरी अर्ज अर्धवट दिसतो. ही आरक्षणं फुकट रद्द करता येणारी घ्या आणि व्हिसा आल्यावर हवी तर बदला, देश आणि रात्रींची संख्या मात्र तीच ठेवा.

नावाबद्दल थोडं. मराठी पासपोर्टवर बहुधा स्वतःच्या नावाला जोडून वडिलांचं किंवा पतीचं नाव येतं आणि आडनाव वेगळ्या रकान्यात असतं. विमा, विमान, हॉटेल आणि रेल्वे तिकीट सगळीकडे नाव अगदी तसंच लिहा. कुठे दोन नावं, कुठे तीन, असं झालं की तपासणीत अकारण वेळ जातो.

आधी विमान, मग गाड्या

विमान शोधताना 'मल्टी-सिटी' हा पर्याय निवडा : जाताना मुंबई-पॅरिस, येताना रोम-मुंबई. पॅरिसलाच परतायचं ठरवलंत तर एक दिवस आणि हजार किलोमीटरहून जास्तीचा उलटा प्रवास गळ्यात पडतो. उतरण्याच्या दिवशी पुढच्या शहराची गाडी ठेवू नका. विमान उशिरा आलं तर स्वस्तातलं तिकीट वाया जातं. शिवाय ऑक्टोबर २०२५पासून टप्प्याटप्प्याने आलेल्या नव्या प्रवेश नोंदणीत पहिल्या वेळी बोटांचे ठसे आणि फोटो घेतात, त्यामुळे रांग लांबते. विमान फ्रँकफर्टसारख्या शेंगेन विमानतळावर बदलणार असाल तर ही तपासणी तिथेच होते. मध्ये अडीच-तीन तास ठेवा.

रेल्वेच्या तिकिटांत दोन जाती आहेत आणि त्या ओळखल्या की अर्धं काम झालं. वेगवान गाड्यांची भाडी विमानासारखी चढतात : फ्रान्सच्या टीजीव्ही, युरोस्टार, इटलीच्या फ्रेच्चारोसा आणि इतालो, जर्मनीच्या आयसीई. पॅरिस-बाझल दोन-तीन महिने आधी ३०-५० युरोच्या आसपास मिळू शकतं, शेवटच्या आठवड्यात तेच शंभराच्या वर जातं. याउलट प्रादेशिक गाड्यांचं भाडं ठरलेलं असतं. फ्लॉरेन्स-पिसा हा तासाभराचा प्रवास आदल्या दिवशी किंवा स्टेशनवर घेतला तरी तितकाच पडतो आणि त्याला जागेचं आरक्षणही नसतं. तो आधीपासून घेऊन ठेवण्यात काहीच फायदा नाही.

आता पेच असा, की स्वस्त तिकीट परत होत नाही आणि व्हिसा हातात नाही. व्हिसा वेळेत मागितला तर तो सुटतो : व्हिसा दोन महिने आधी हातात आला की त्याच दिवशी तिन्ही प्रवास घेऊन टाका. नाहीच आला तर बदलता येणारं थोडं महाग तिकीट घ्या. इटलीत एकाच गाडीला 'सुपर इकॉनॉमी', 'इकॉनॉमी', 'बेस' असे दर दिसतात. पहिल्यात बदल नाही, परतावा नाही. 'बेस' बदलता येतं. पाच-दहा युरो वाचवायला सुपर इकॉनॉमी घेण्याआधी त्या दिवशी त्या गाडीआधी दुसरी गाडी पकडायची आहे का, ते पाहा.

वेळापत्रकासाठी जर्मन रेल्वेचं संकेतस्थळ किंवा 'डीबी नेव्हिगेटर' ॲप वापरा. त्यात जवळपास सगळ्या युरोपच्या गाड्या दिसतात. तिकीट मात्र त्या त्या रेल्वेकडूनच घ्या, म्हणजे गाडी रद्द झाल्यावर कोणाकडे जायचं हा प्रश्न उरत नाही. कार्ड चालत नसेल तर आधी बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू आहेत का ते बघा. प्रवासात भारतीय सिमही चालू ठेवा, ओटीपी त्याच्यावरच येतो.

अनेक देशांच्या गाड्यांत चालणाऱ्या युरेल पासची जाहिरात सगळीकडे दिसते. तीन प्रवासांसाठी तो घेऊ नका. पासवरही फ्रान्स, इटली आणि युरोस्टारच्या वेगवान गाड्यांत जागेचं आरक्षण वेगळे पैसे भरून करावं लागतं, आणि पासधारकांसाठीच्या जागा संपतातही. सहा-सात मोठे प्रवास असतील, मार्ग ऐनवेळी ठरवायचा असेल आणि बहुतेक फिरणं जर्मनी-ऑस्ट्रियात असेल, जिथे बऱ्याच गाड्यांत आरक्षण सक्तीचं नाही, तिथे तो खरा उपयोगी.

स्वित्झर्लंडचं गणित निराळं. 'स्विस ट्रॅव्हल पास'मध्ये गाड्या, बस, सरोवरातल्या बोटी, शहरातली वाहनं आणि अनेक संग्रहालयं येतात. रिगी पर्वत पूर्ण फुकट, टिटलिसच्या केबलकारला निम्मी सूट. आपल्या मार्गाला चार दिवसांचा पास चपखल बसतो : बाझलला पाय ठेवला की सुरू, आणि चौथ्या दिवशी इटलीच्या सीमेवर कियासोला संपतो. कियासो ते मिलान तेवढं वेगळं तिकीट आणि जागेचं आरक्षण घ्यावं लागतं, कारण इटलीत जाणाऱ्या त्या गाड्यांत आरक्षण सक्तीचं आहे. सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी पास घेतानाच फुकट मिळणारं 'फॅमिली कार्ड' मागून घ्या. ते दाखवलं की आई किंवा वडिलांसोबत मुलांना तिकीट लागत नाही. पास परवडतो का, हे ठरवायला स्विस रेल्वेच्या संकेतस्थळावर प्रत्येक टप्प्याचं पूर्ण भाडं काढून बेरीज करा. दोनच प्रवास आणि एक महागडा डोंगर असेल तर बहुतेक सगळं निम्म्या दरात देणारं 'हाफ फेअर कार्ड' बहुधा स्वस्त पडतं.

डोंगराचं तिकीट आधी घेऊ नका. टिटलिस असो की ३,४५४ मीटरवरचं युंगफ्राऊयोख, ढगात गेलं की काही दिसत नाही. सकाळी माथ्यावरच्या वेबकॅमचं चित्र पाहा आणि मग निघा. टिटलिसच्या पायथ्याचं एंगेलबर्ग ल्युसर्नहून पाऊण तासावर आहे, म्हणून टिटलिस अशा ऐनवेळच्या निर्णयाला सोयीचं. युंगफ्राऊयोख ल्युसर्नहून जाऊन-येऊन अख्खा दिवस खातं. तेच बघायचं असेल तर मुक्काम इंटरलाकेनला हलवा.

तीन प्रवास, एकेक करून

पॅरिसमध्ये मोठी स्टेशनं अनेक आहेत आणि ती शहराच्या वेगवेगळ्या भागांत आहेत. बाझलची गाडी गार द लियाँहून सुटते, ॲमस्टरडॅमची गार द्यू नॉरहून. तिकिटावरचं स्टेशन वाचूनच हॉटेल निवडा. गार द लियाँला मेट्रोच्या १ आणि १४ क्रमांकाच्या लाइन येतात. या दोन्हींपैकी एकीवर कुठेही राहिलात तरी सोपं. फलाट क्रमांक गाडी सुटण्याच्या साधारण वीस मिनिटं आधी फलकावर येतो आणि दोन मिनिटं आधी प्रवेश बंद होतो. गाडी लांब असते, डबा पार टोकाला असू शकतो, म्हणून क्रमांक लागताच चालू लागा. बाझलहून ल्युसर्नच्या गाड्या सारख्या सुटतात. एक चुकली तरी पास असल्यावर पुढची पकडायची, काही बिघडत नाही.

दुसरा प्रवास सगळ्यात लांब : ल्युसर्न ते मिलान, मग फ्लॉरेन्स. मिलानपर्यंत साधारण सव्वातीन-साडेतीन तास. काही गाड्या थेट आहेत, बाकीच्यांना आर्थ-गोल्डाऊला बदलावं लागतं. वाटेत २०१६ साली खुला झालेला, ५७ किलोमीटर लांबीचा गोटहार्ड बोगदा लागतो. मिलानहून फ्लॉरेन्स पावणेदोन-दोन तास. धोका या दोघांच्या मध्ये आहे. तिकिटं वेगवेगळी असली की पहिली गाडी उशिरा आली म्हणून दुसरी कंपनी थांबत नाही आणि पैसेही देत नाही. मिलानला किमान सव्वा तास ठेवा, दुसरं तिकीट 'बेस' घ्या. जेवणही तिथेच उरकता येतं.

इटलीच्या फलकांवर दोन गोष्टी गोंधळात टाकतात. पहिली, शहरांची नावं स्थानिक असतात : फ्लॉरेन्सचं फिरेंझे, व्हेनिसचं वेनेत्सिया. दुसरी, फलकावर गाडीचं शेवटचं स्टेशन असतं. तुमची रोमची गाडी फलकावर नापोली किंवा सालेर्नो म्हणून लागलेली असेल. नावाऐवजी तिकिटावरचा गाडी क्रमांक जुळवा. उतरायचं स्टेशनही नीट वाचा : फ्लॉरेन्सला सांता मारिया नोव्हेला, रोमला तेर्मिनी, व्हेनिसला सांता लुचिया. व्हेनिस मेस्त्रे हे खाडीच्या अलीकडचं स्टेशन, तिथे उतरलात तर कालवे दिसणार नाहीत.

प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्यावं लागतं. शिक्का नसला तर तिकीट असूनही दंड होतो, आणि पर्यटक आहोत ही सबब चालत नाही.

बॅग आणि खाणं

युरोपच्या रेल्वेत हमाल मिळेल असं धरून चालू नका. डब्याच्या पायऱ्या, पॅरिस मेट्रोचे जिने, जुन्या हॉटेलांच्या चिंचोळ्या लिफ्ट, सगळीकडे बॅग स्वतः उचलायची आहे. माणशी एक चोवीस इंची बॅग आणि पाठीवर सॅक, बस्स. जी बॅग घरच्या दोन जिन्यांवरून एका दमात नेता येत नाही, ती हलकी करा. तेरा रात्रींसाठी सहा-सात दिवसांचे कपडे पुरतात. मधल्या मुक्कामी धुवायचे.

खाऊ नेताना एक नियम पाळायलाच हवा. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे पेढे, बर्फी, तूप, खवा घातलेलं काहीही नको. चिवडा, चकली, मेतकूट, उपम्याची कोरडी पाकिटं चालतात. शाकाहारी माणसाची इटलीत उपासमार होत नाही, पण पार्मेजान चीजमध्ये प्राण्यांपासून मिळणारं रेनेट असतं. ते चालत नसेल तर 'सेन्त्सा फोर्माज्जो', म्हणजे चीज नको, असं सांगा. स्वित्झर्लंडमध्ये हॉटेलात दोन्ही वेळ जेवलात तर बजेट कोसळतं. कोप आणि मिग्रो या सुपरमार्केटमधून ब्रेड, फळं, दही, सॅलड घ्या. नळाचं आणि बहुतेक कारंज्यांचं पाणी पिण्याजोगं असतं.

पैशांबाबत : स्वित्झर्लंडचं चलन फ्रँक आहे, युरो नव्हे. कार्ड यंत्राने 'रुपयांत घेऊ की युरोत?' असं विचारलं तर नेहमी स्थानिक चलन निवडा, रुपयांचा दर खूपच वाईट लावतात. इटलीत हॉटेलचा नगर कर माणशी, दर रात्रीचा, जागेवर द्यावा लागतो. त्यासाठी थोडे सुटे युरो ठेवा.

बिघडलं तर

इटली आणि फ्रान्समध्ये रेल्वे संप होतात, पण बहुधा आधी जाहीर करून. प्रवासाच्या आठवड्यात तारीख तपासा. इटलीत संपाच्या दिवशीही कामाच्या वारी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ प्रादेशिक गाड्या चालवणं बंधनकारक आहे, आणि लांब पल्ल्याच्या काही गाड्यांची हमी असते. गाडी ६० मिनिटं उशिरा पोहोचली तर युरोपीय नियमाने भाड्याचे २५ टक्के, १२० मिनिटांना ५० टक्के परत मागता येतात. फार मोठ्या नैसर्गिक आपत्तीसारखी कारणं याला अपवाद आहेत. तिकीट आणि उशिराचा पुरावा जपून ठेवा आणि अर्ज नंतर घरून ऑनलाइन करा.

चोरी ही सगळ्यात मोठी आणि सगळ्यात टाळता येण्याजोगी अडचण. पॅरिसची मेट्रो, गार द्यू नॉर, मिलान चेंत्राले आणि रोम तेर्मिनी इथे विशेष सावध राहा. तिकीट यंत्रापाशी मदतीला येणाऱ्या अनोळखी माणसाला ठामपणे 'नो' म्हणा. गाडीत मोठी बॅग दिसेल अशा रॅकवर ठेवा आणि मधल्या स्टेशनांवर गाडी थांबली की तिच्याकडे लक्ष द्या. पासपोर्ट अंगावरच हवा, बॅगेत नको, कारण शेंगेनच्या आतही सीमा ओलांडताना कधी कधी पोलीस डब्यात येऊन तपासतात. त्याची आणि व्हिसाची प्रत ईमेलवर ठेवा. पासपोर्ट गेलाच तर आधी स्थानिक पोलिसांत तक्रार, मग भारतीय दूतावास. पोलिसांचा कागद दूतावासात आणि विम्यालाही लागतो.

शेवटच्या दिवशी तेर्मिनीहून फ्युमिचिनो विमानतळाला 'लिओनार्दो एक्सप्रेस' ३२ मिनिटांत नेते. तिच्यात जागेचं आरक्षण नसतं, ठरलेलं भाडं असतं, म्हणून आधी घेण्याची घाई नको. विमानाच्या साडेतीन तास आधीची गाडी धरा, कारण बाहेर पडतानाही पासपोर्टची रांग असते.